मेंढरांसाठी पुन्हा निवडलेले दिवे

पिशोरजवळच्या आमच्या नव्या घरापासून रस्त्यापर्यंत शंभरेक पावलांची वाट आहे. मागच्या वर्षी आई अंधारात त्या वाटेवर दगडाला अडखळून पडली. हाड मोडलं नाही, पण मनात भीती बसली. मंगळवारी संध्याकाळी गावात बायकांचं भजन असतं, तिथं जाणंच तिनं सोडलं. ती एरवी फार कमी बोलते. मोकळी होते ती भजनातच. म्हणून मला ते लागलं.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शहरात, पुंडलिकनगरात खोली घेऊन राहते. त्यामुळं काही नवं आणायचं म्हटलं की सगळे माझ्याकडं बघतात, आणि खरं तर मलाही त्यातलं फारसं कळत नसतं. तरी शहरातल्या छावणी भागातल्या एका दुकानातून मी वाटेसाठी सोलर दिवे आणले. जमिनीत खोचायचे, गुडघ्याच्याही खाली राहणारे, पांढऱ्या उजेडाचे. अंधारलं की आपोआप लागणारे. मोबाइलवरच्या फोटोत होते तसे वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं लावले.

दिवेलागणीला माझे वडील, आप्पा, मेंढरं घेऊन रानातून आले. मेंढरं कोंडायचं वाडगं घरामागं आहे, म्हणून मेंढरांचीही वाट तीच. पुढं चालणारी म्होरकी शेळी वाटेच्या तोंडाशी आली आणि थबकली. मागची मेंढरं तिच्यावर येऊन आदळली, पण पुढं एक पाय पडेना. आप्पांनी शीळ घातली, हाका मारल्या. मग ते खाली वाकले, दिव्यांकडं बघितलं आणि मोठ्यानं हसले.

"पोरी, वाटंवर लांडगे पेरलेस की गं!"

मला काही कळेना.

"अगं, खाली वाकून बघ. काय दिसतंय?"

मी वाकले. काळोखात, जमिनीपासून हातभर उंचीवर, टक लावून बघणाऱ्या पांढऱ्या डोळ्यांच्या जोड्या. मेंढपाळाच्या घरात जन्मून मला हे सुचू नये? रडूच यायला लागलं.

आई दारातून म्हणाली, "कॉलेजात लांडगा शिकवत नाय व्हय?"

मग मलाही हसू आलं. दिवे उपटले तेव्हा मेंढरं आत गेली. त्या मंगळवारी आई घरीच राहिली.

पुढच्या आठवड्यात दिवे बदलायला आप्पा स्वतः माझ्याबरोबर छावणीत आले. दुकानातले चाचा दिव्याची काळी सोलर पट्टी तळहातानं झाकून एकेक दिवा पेटवून दाखवत होते. "जरा खाली धरा," आप्पा म्हणाले, आणि पटका सावरत फरशीवर ओणवे झाले. गिऱ्हाइकं बघायला लागली. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी.

"चचा, कुछ गिरा क्या?" दुकानातल्या चाचांनी आप्पांना विचारलं.

"नाय. मेंढराच्या डोळ्यानं बघतोय."

मी चाचरत सगळी हकिगत सांगितली. चाचा गल्ल्यामागून बाहेर आले आणि गुडघे धरत आप्पांशेजारी बसले. "अरे हाँ! ये तो घूर रहा मेरे कू!"

मग दोघांचं सुरूच झालं. एक दिवा डोळे वटारतो, दुसरा दात दाखवतो. शेवटी टोपी असलेला एक दिवा निघाला. पिवळसर उजेड सरळ खाली पडायचा, दिवा मात्र डोळ्यांवर यायचा नाही.

"इसकी नजर नीची है," चाचा म्हणाले. "शरीफ है."

आप्पांनी मान डोलावली. "ह्योच द्या."

घरी आल्यावर ते दिवे आम्ही वाटेच्या एकाच बाजूला, कुंपणाच्या खांबांवर बसवले. संध्याकाळी म्होरकी शेळी थांबली, खांब हुंगला आणि निघाली. मेंढरं तिच्या मागोमाग.

मंगळवारी आई भजनाला गेली. परतायची वेळ झाली तसे आप्पा तिला आणायला उठले, तोच रस्त्यावरून तिचा आवाज आला.

"तिथंच थांबा. मी येते एकटी."

आम्ही दारात उभे राहिलो. ती हळूहळू, पायाखाली बघत आली. वाटेच्या मध्यापासून मात्र मान वर करून चालायला लागली. पायरीवर चपला काढत म्हणाली, "पुढल्या मंगळवारचं भजन आपल्याकडं ठेवलंय. समद्या बायकांना सांगून आले."

"समद्यांना?" आप्पा म्हणाले. "अगं, बसायला सतरंज्या कुठं हायेत आपल्याकडं?"

"आणा की मागून," आई म्हणाली. "वाट तर दिसतीय."