पिवळ्या आभाळावरची सही

लिमये काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात होतो. फोन काकूंचाच होता. त्यांनी मोजकंच सांगितलं आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, "तो अंक अजून प्रेसमध्येच आहे हो. दिवस झाले की तुम्ही या नि काढा. माझ्यानं ते चाक फिरत नाही." कोणता अंक, ते मला माहीत होतं.

काका विश्रांतवाडीत राहायचे. एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि आयुष्यभर त्यांनी रद्दीवाल्यांकडून चित्रकथा जमवल्या. मी वाशिम जिल्ह्यातल्या एका लहान गावाहून इंजिनिअरिंगला आलो, तो त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. काकांनी एक दिवस इंग्रजी चित्रकथांचा गठ्ठा पुढे ठेवला. "आधी चित्र बघा, मग फुग्यातलं वाक्य मोठ्यानं वाचा. लाजू नका, भिंतीला इंग्रजी कळत नाही." पण अंक हातात देण्याआधी रोजचा प्रश्न ठरलेला, "अहो इंजिनिअर, हात धुतलेत, की बसचा दांडाही सोबत आणलाय?" त्या फुग्यांतल्या वाक्यांच्या जोरावर मी नोकरीची मुलाखत दिली. पहिल्या पगाराचे पेढे आधी काकांना दिले, मग देवाला.

त्यांच्या खोलीत खिडकीखाली एका बाइंडरकडून घेतलेला लोखंडी प्रेस होता. मुडपलेला अंक टीपकागदांत ठेवायचा, किंचित ओल द्यायची, कोमट इस्त्री वरून फिरवायची आणि प्रेसचं चाक आवळून आठवडाभर विसरून जायचं. जास्त ऊब दिली की पानं लाटांसारखी उठतात, जास्त ओल दिली की पिना गंजतात. काका म्हणत, "रंग तुटला नसेल तर घडी जाते. रंग तुटला की ती जखम. तिला प्रेसचा उपयोग नाही." प्रत्येक अंकासोबत एक चिठ्ठी असे, तिच्यावर पेन्सिलीनं दहापैकी गुण. स्वतःच्या लाडक्या अंकालाही ते अर्धा गुण जास्त देत नसत.

ऑफिसात इंटरनेट आलं तेव्हा मला कळलं, परदेशात हेच काम कंपन्या करतात. अंक तपासून गुण देतात आणि प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. त्यांचे नियम छापून मी काकांना नेऊन दिले. काकांकडे इथल्याच एका साहसकथा मालिकेचा पहिला अंक होता. मुखपृष्ठावर पिवळं आभाळ आणि त्यात झेपावणारा घोडेस्वार. परदेशातला एक संग्राहक तो घ्यायला तयार झाला, अट एकच, आठच्या वर गुण हवेत. काकांच्या चिठ्ठीवर साडेआठ होते. त्या पैशांत खालचा रिकामा गाळा भाड्यानं घ्यायचा आणि उरलेल्या हजारभर चित्रकथा मुलांसाठी मांडायच्या, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. "तुमच्यासारखी अजून चारदोन गावाकडची पोरं बोलायला लागतील," म्हणाले.

संग्राहकाला पाठवायला अंक स्कॅन करायचा होता, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे सोपवला. त्याचे चित्रकार पुण्यातच राहतात हे मला कळलं होतं. आमच्या शाळेत बक्षिसाच्या पुस्तकावर हेडमास्तर नाव घालून सही करायचे, आणि वडिलांनी ती पुस्तकं ट्रंकेत जपून ठेवलीत. हस्ताक्षरानं पुस्तकाची किंमत वाढते हे मला इतकं उघड वाटत होतं, की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. अंक घेऊन मी थेट त्यांच्या घरी गेलो. त्या वृद्ध चित्रकारांनी विचारलं, "नाव काय घालू?" मी काकांचं पूर्ण नाव सांगितलं. बॉलपेन दाबून, थेट पिवळ्या आभाळावर त्यांनी ते नाव लिहिलं, पुढे 'यांस सस्नेह', आणि खाली सही.

त्याच संध्याकाळी मी अंक परत नेला. काकांनी भिंग घेऊन बराच वेळ पाहिलं. "वा. नावासकट," म्हणाले. "चहा घेणार?" मी खुशीत परतलो. आठवड्यानं, मीच छापून दिलेल्या नियमांतलं सह्यांचं पान मी पहिल्यांदा वाचलं. सही गुण देणाऱ्या कंपनीच्या माणसासमोर झालेली असेल तरच ती सही, एरवी मुखपृष्ठावरचं लिखाण म्हणून गुण कापतात. त्यात दुसऱ्याचं नाव घातलेलं असेल, तर घेणारेही मागे हटतात. मी धावत गेलो. "काका, मी ते पान वाचलंच नव्हतं."

"मी वाचलं होतं. बसा."

"काका, गाळ्याचं भाडं मी..."

"तुमच्या पगाराचं वाचनालय तुमच्या नावानं काढा," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून आवाज उतरवला. "अहो, सही खरी आहे ना? मग झालं तर." संग्राहकानं नकार कळवला. गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं. काका त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत आणि मी त्याला क्षमा समजलो.

दिवस झाल्यावर मी गेलो. चाक सैल करताना काकू म्हणाल्या, "दोन वर्षं चाललं होतं हे. मुखपृष्ठ पालथं घालून दाबायचे. पेनाचा चर मागून बसवतोय म्हणायचे." टीपकागदांत अंक होता. चर तसाच होता, बोटाला लागत होता. सोबतच्या चिठ्ठीवर साडेआठ खोडलेलं, तारीख सहीच्याच दिवसाची. खाली साडेतीन. पुन्हा साडेतीन. मग एकदा चार, पुढे प्रश्नचिन्ह, आणि तेही खोडून साडेतीन.

काकूंनी प्रेस आणि अंक मलाच दिला. तो चर जाणार नाही, हे मला काकांनीच शिकवलंय. तरी मी अंक पालथा घालून आत ठेवला आहे. दर रविवारी टीपकागद बदलतो आणि चाक त्यांच्याइतकंच आवळतो. त्याआधी साबणानं हात धुतो, कोरडे करतो, आणि तरीही एकदा तळवे उलटसुलट करून बघतो.