दुसऱ्या बादलीचं पाणी

लेक बाळंतपणाला माहेरी येणार, म्हणून मी घरातला तांब्याचा बंब मोडीत घातला आणि न्हाणीत गॅसचा गिझर बसवला. बायको नको म्हणत होती. शेजारी नको म्हणत होते. मोड घेणारासुद्धा बंबावर टिचकी मारून म्हणाला, "शेट, चांगला हाय की वो!" मी कुणाचंच ऐकलं नाही.

मंचरच्या पेठेत माझं कापडाचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाला "एकदा घेऊन तर बघा" म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या दुकानात गेला की सगळ्यात आधी फसतो. गिझरवाल्यानं नळ सोडला, खटकन जाळ पेटला, पाणी वाफाळलं. मला वाटलं, आता लाकडं नकोत, धूर नको, राख नको. माझ्या लेकीला महाराणीसारखी अंघोळ!

तोवर मला ती म्हातारी माहीत नव्हती.

नात झाली, माय-लेकी दवाखान्यातून घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली. आमच्या भागात बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम तीच करी. घराणं मूळचं मेंढपाळांचं. मेंढरं कधीच विकली होती, आता डोंगराकडेला थोडी शेती होती. पण म्हातारीची चाल अजून कळपामागून चालल्यासारखी होती. समोर येईल त्याला बाजूला हाकत ती थेट न्हाणीत शिरायची. त्यात मीही आलोच.

आत गेली की पहिलं काम म्हणजे बादलीत कोपर बुडवणं. कोपर पाण्यात, मान वर, डोळे मिटलेले. मग निकाल यायचा. "कढत पायजे, कढत! बाळंतिणीची कंबर शेकली पायजे. ह्यानं तर भांडीबी निघायची न्हाईत."

पहिल्या बादलीला ती काही बोलली नव्हती. हे वाक्य दुसऱ्या बादलीचं.

हाच सगळा घोळ होता. पहिली बादली कढत यायची. दुसरी कोमट. तिसरी कशीबशी अंगावर घेण्यासारखी. आणि नात तर शेवटी न्हायची, आईची अंघोळ उरकल्यावर. बायको स्वयंपाकघरातून पातेलंभर पाणी तापवून न्यायची आणि जाता-येता माझ्याकडे असं बघायची, की मी पेपर उलटा धरलाय की सुलटा, हे मलाच तपासावं लागायचं.

मी गिझरच्या मागे लागलो. सेल बदलले. पाणी आत येतं तिथली जाळी काढून घासली, त्यात आमच्या बोअरचा चुना बसला होता. तो निघाला, पण पाणी कोमटच. बटण उन्हाळ्यावरून हिवाळ्यावर केलं. सिलिंडर बदलला. कुणीतरी म्हणालं, पाण्याला दाब नाही, तर गच्चीवरची टाकी विटा रचून उंच केली. त्या खटाटोपात पाठीत उसण भरली. म्हातारी मला वाकडा चालताना पाहून म्हणाली, "शेट, बाळंत तुमी झालाय का लेक?"

शेवटी नारायणगावहून मेकॅनिक बोलावला. तो दुपारी आला. न्हाणीचं दार सताड उघडं ठेवून नळ सोडला, तर पहिली बादली कढत, दुसरी कढत, तिसरी कढत! तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "शेट, यात चहा होईल." मी म्हणालो, "सकाळी होत नाही." तो म्हणाला, "मग दुपारी प्या." पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर त्यानं गिझरकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेच काळजीनं पाहिलं.

म्हातारीचं निदान वेगळं होतं. तिच्या मते त्या डब्याला दृष्ट लागली होती. तिनं एक दिवस गिझरच्या पाइपाला लिंबू-मिरची बांधली. मला हसू आलं, पण पाणी तापेल तर हरकत नाही, इथवर मी आलो होतो. मिरच्या वाळल्या. पाणी तसंच.

मग तिनं दुसरं कारण काढलं. "वारं येतंय कुठनं तरी. त्यानं पाणी निवतंय. बाळंतिणीला वारं लागलं तर जल्माचं दुखणं. फट बुजवा, शेट."

आता हे काम माझ्या हातातलं होतं. दुकानात गठ्ठ्यांचं बारदान हवं तेवढं. मी न्हाणीच्या खिडकीत बारदानाचा बोळा ठोकून बसवला. पाणी जास्तच कोमट. म्हणजे वारं अजून येतंय! मी वरच्या झरोक्यात फोमचा तुकडा कोंबला. पाणी आणखी वाईट. मग दाराच्या खालच्या फटीला जुन्या लुगड्याची सुरळी लावली. रोज सकाळी अंघोळीच्या आधी हे सगळं ठोकून बसवणं हे माझं काम. अंघोळी झाल्या की न्हाणी वाळावी म्हणून बायको ते सगळं काढून ठेवी. त्यामुळे दुपारी येणाऱ्या मेकॅनिकला यातलं काहीच दिसत नव्हतं आणि मलाही त्याला सांगावंसं वाटलं नाही. खिडकीचा आणि गिझरचा काय संबंध?

लेक अंघोळीहून आली की म्हणायची, "बाबा, डोकं जड झालंय." बायको म्हणायची, अशक्तपणा. म्हातारी म्हणायची, वारं. मी म्हणायचो, उद्या अजून एक बारदान लावतो.

म्हातारीची बाळाला न्हाऊ घालायची रीत मात्र बघण्यासारखी. पाटावर बसून दोन्ही पाय लांब सोडायची, नडग्यांवर नातीला पालथी घालायची आणि तेल चोळता चोळता तिला शिव्यांची लाखोली वाहायची. "आगं ए टवळे, बोंबल की! तुज्या आज्यानं पाणी न्हाय तापवलं, निदान तू तरी तापव!" नात बोंबलायची. पार पेठेपर्यंत आवाज जायचा. म्हातारी बाहेर येऊन समाधानानं सांगायची, "पोर रडलं म्हंजी अंघूळ झाली."

त्या सकाळी थंडी मरणाची होती. मी नेहमीपेक्षा जास्त बोळे ठोकले होते. पडवीत पेपर घेऊन बसलो. लेकीची अंघोळ झाली, ती आतच कपडे घालत असणार, पाण्याचा आवाज बदलला, म्हणजे आता नातीची पाळी. मी कान लावून बसलो. रडण्याचा आवाज नाही. म्हातारीच्या शिव्याही मंदावलेल्या. मी बायकोला म्हणालो, "बघितलंस? आज पाणी जमलं. पोरगी रडत नाही."

तेवढ्यात न्हाणीचं दार लाथेनं उघडलं. म्हातारी बाहेर आली. एका हातावर ओली नात, दुसऱ्या हातानं लेकीचा दंड धरून तिला ओढत होती. लेक दोन पावलं आली आणि उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसली. म्हातारी स्वतः झुलत होती. पण नातीला तिनं सोडलं नाही. अंगणात आली, खाली बसली, पोरीला उघड्या गारठ्यात धरलं आणि तिच्या तळव्यांवर चापट्या मारायला लागली. "वारं घाला गं! कुणीतरी वारं घाला!" ती ओरडत होती. जन्मभर ज्याच्या विरुद्ध तिनं फटी बुजवायला लावल्या, तेच ती मागत होती. बायको पदरानं वारं घालत होती. मी पेपरनं.

नात रडत नव्हती.

तेवढा वेळ मी काय केलं, कुठे उभा होतो, मला आठवत नाही. हातातला पेपर हलत होता, एवढंच. म्हातारीनं आणखी एक चापट मारली आणि नात रडली. आधी बारीक, मग नेहमीसारखी, पेठेपर्यंत. म्हातारीनं तिला छातीशी धरलं आणि डोळे मिटून हळूच म्हणाली, "बोंबल. बोंबल माजी बाय."

डॉक्टर येऊन गेले. दोघी बऱ्या होत्या. मेकॅनिक त्या दिवशी सकाळीच आला. त्यानं बारदान पाहिलं, फोम पाहिला, लुगड्याची सुरळी पाहिली आणि गिझरच्या जाळाभोवती धरलेली काजळी बोटानं पुसली. "शेट, जाळ पेटायला हवा लागती. दार-खिडकी लावली की तशीबी कमी पडायची, त्यात तुम्ही होती ती हवाबी बंद केली. गिझर गुदमरला, म्हणून पाणी कोमट. आणि आतली माणसंबी गुदमरली." चोरी पकडली गेल्यासारखा मी उभा. म्हातारीकडे बोट दाखवून म्हणालो, "हिनंच सांगितलं, बुजवा म्हणून."

ती भिंतीला टेकून चहा पीत होती. बशी खाली ठेवून म्हणाली, "मी फट म्हणले व्हते. तुमी न्हाणीचं मडकं केलं."

गिझर मागच्या भिंतीवर, उघड्यावर गेला. तो बसेपर्यंत परसात तीन दगडांवर पाणी तापलं. आणि म्हातारीनं अट घातली, की शेट दुकानात गेल्याशिवाय ती बाळंतिणीला हात लावणार नाही. उजाडायच्या आधी मी बंद दुकानाच्या पायरीवर मफलर गुंडाळून बसायचो. समोरून कांद्या-बटाट्याच्या गाड्या हायवेला जायच्या. ड्रायव्हर मला रखवालदार समजून वाट विचारायचे.

दुसऱ्या नातवंडाच्या वेळी ती आली नाही. अंथरुणाला खिळली होती. त्यानंतर फार दिवस राहिली नाही. ती गेल्यावर मी तिच्या घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा अंगणात तिची सून भांडी घासत होती. मी सांगितलं, मंचरचा कापडवाला. तिनं हात धुतले, आत जाऊन चहा आणला.

"वळखलं. सासूबाई लई सांगायच्या तुमचं."

मला बरं वाटलं. एवढी घरं हिंडलेली बाई, त्यात आपली आठवण ठेवली. मी विचारलं, "काय सांगायच्या?"

तिनं कप माझ्या हातात दिला.

"म्हणायच्या, त्या घरात बाळंतीण धडधाकट व्हती, पोर धडधाकट व्हतं. जपायचं व्हतं ते निस्तं शेटपासनं."