खंगारसिंहांचं सुतक

खंगारसिंह गेले, अशी बातमी सांकडली गावभर झाली तेव्हा खुद्द खंगारसिंह ओसरीवर आरसा मांडीला टेकवून दाढीला कलप लावत बसले होते. अर्धी दाढी काळी झाली होती, अर्धी व्हायची होती. ऐंशी उलटलेला माणूस कलप लावतो म्हणजे त्याचा एवढ्यात जायचा विचार नसतो, हे कुणीही ओळखलं असतं. पण गाव त्यांच्या दाढीपर्यंत पोचलंच नाही. ते त्यांच्या मुलाच्या डोक्यावरच अडकलं.

मुलगा हडमतसिंह बेंगळुरूत हार्डवेअरच्या दुकानात कामाला. सुट्टीवर येताना वाटेत तिरुपतीला जाऊन त्यानं नवस फेडला. तिथला न्हावी घाईत होता, डोक्याबरोबर त्यानं मिशीही उतरवली. भर दुपारी हडमत सांकडलीच्या फाट्यावर बसमधून उतरला तो डोक्याचा गोटा, मिशी गायब, साफा नाही आणि डोळे धुळीनं लाल. चहावाल्या कानारामनं पाहिलं मात्र, त्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. राजपुताची मिशी उतरते ती बाप गेल्यावर. त्यात विचारायचं काय? त्यानं हात जोडले. हडमतला वाटलं, रामराम करतोय. त्यानंही जोडले. झालं, बातमी पक्की.

उरलंसुरलं काम घरी हडमतच्या बायकोनं केलं. भटियाणीजी नवऱ्याचं बिनमिशीचं तोंड बघून अशी किंचाळली, की गल्लीच्या टोकाला नळावर उभ्या असलेल्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. पाठोपाठ खंगारसिंहांचा आवाज चढला, "मी जिवंत असताना मिशी उतरवलीस? एवढी घाई झाली होती?" पण भिंतीपलीकडे शब्द जात नाहीत, नुसता कल्लोळ जातो. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

आता या वयात कलप कशासाठी? तर दुसऱ्या दिवशी जोगसिंहाच्या मुलीची, उगम कंवरची वरात खंगारसिंहांच्या दारावरून जायची होती. त्यांना लग्नाचं बोलावणं नव्हतं. पण वरातीतल्या पाव्हण्यांनी निदान म्हणावं, की या ओसरीवर कोण हा रुबाबदार ठाकूर बसलाय? एवढीच इच्छा. उभं आयुष्य उंटावर बसून सीमेची राखण केलेला माणूस. खाली बसल्यावरही उंटावर बसल्यासारखाच बसायचा.

बोलावणं नसायचं कारण मोठं मजेशीर. खंगारसिंहांचे आजोबा आणि जोगसिंहाचे पणजोबा जुळे भाऊ. दोघांत आधी कोण जन्मला हे एका सुईणीला ठाऊक होतं आणि ती न सांगताच गेली. राजपुतांत थोरली शाखा आणि धाकटी शाखा हा काही पोरखेळ नाही. बैठकीत अमल, म्हणजे अफूचं पाणी, थोरल्या शाखेला आधी मिळतं. बारा वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेला, आखातीजेच्या बैठकीत अमलाची ओंजळ जोगसिंहाच्या वडिलांपुढे आधी गेली आणि खंगारसिंह ताडकन उठले. शब्दाला शब्द लागला. "आजपासून हा आमच्या भावकीतला नाही!" असं भर बैठकीत ओरडलं गेलं. ओरडणारे जोगसिंहाचे वडील वर्षभरात वारले, पण शब्द मुलानं जपून ठेवला. तेव्हापासून ना बारशाचं बोलावणं, ना लग्नाचं. खंगारसिंह म्हणायचे, "बरं झालं, आहेराचा खर्च वाचला." म्हणायचे आणि मग जेवायचे नाहीत.

तर बातमी जोगसिंहाच्या अंगणात पोचली तेव्हा उगमला हळद लागायची होती. तिची आई सोढीजी हळदीची वाटी घेऊन उभी होती. जोगसिंह आत आला आणि म्हणाला, "वाटी ठेव. चूल विझवा. काकोसा गेले."

"कोण काकोसा?"

"खंगारसिंह."

"ते कधीपासून काकोसा? बारा वर्षं म्हणताय, आपले नव्हेत म्हणून!"

"तोंडानं म्हटलं. पणजोबा बदलून आणू कुठून? बारा दिवसांचं सुतक आहे."

सोढीजीनं वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी आषाढातली भडल्या नवमी होती, लग्नाचा शेवटचा मुहूर्त. मग देव झोपणार ते थेट कार्तिकात उठणार. नवरा मुलगा फौजेत, रजा संपत आलेली. मुलाचा बाप असा, की चार महिन्यांत त्याच्या दारात चार स्थळं उभी राहतील आणि तो एकालाही नाही म्हणणार नाही. एक चुलती पुटपुटली, "कानावर आलंच नाही म्हणायचं. उद्या सप्तपदी झाली की ऐकू." जोगसिंहानं तिच्याकडे असं पाहिलं, की ती चुलीतल्या राखेकडे बघू लागली. हळदीच्या पाटावर बसलेली उगम तशीच उठली आणि आतल्या खोलीत गेली. ती रडली नाही, याचाच सोढीजीला जास्त धसका बसला.

जोगसिंहानं सुतकाचा पांढरा साफा बांधला. भावकीतली माणसं गोळा झाली आणि गल्लीच्या वळणावरूनच रिवाजाप्रमाणे हंबरडा फोडत सगळे निघाले.

खंगारसिंहांनी आरशातून मान वर केली. समोरून पांढऱ्या साफ्यांची रांग आणि पुढे रडणारा जोगसिंह. लग्नघर आणि पांढरे साफे? कलपाची वाटी लवंडली. "भटियाणीजी, माझा पांढरा साफा!" म्हणेपर्यंत ते अनवाणी पायऱ्या उतरलेसुद्धा. बारा वर्षांचा राग तिथंच आरशापाशी राहिला. त्यांनी जोगसिंहाला मिठी मारली आणि स्वतःच हंबरडा फोडला, "जोगा! कोण गेलं रे, बाळा? उगमला काही झालं नाही ना?"

जोगसिंह रडता रडता मागे सरला. समोर अर्धी काळी, अर्धी पांढरी दाढी. मागे रडणारे एकेक करून थांबले, फक्त एक बहिरा भाऊबंद बराच वेळ रडत राहिला.

"बोल ना, कोण गेलं?"

"तुम्ही, काकोसा."

"मी? कधी?"

"दुपारच्या बसनं," जोगसिंह म्हणाला आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या हडमतच्या गोट्याकडे त्यानं बोट केलं.

काय घडलं ते उलगडायला फार वेळ लागला नाही. जोगसिंह पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून हसायला लागला. हसता हसता खरं रडू आलं. त्याच्या खांद्यावर काळा कलप लागला होता. कुणीतरी पळत लग्नघरी गेलं, "चूल पेटवा! म्हातारा ठणठणीत आहे! दाढी रंगवतोय!"

घुंघटाआडून भटियाणीजीनं जोगसिंहाला हळूच टाकलं, "हुकुम, मिशी तरी परत येईल. तुम्ही या दारात यायला मात्र मरणाची वाट पाहिलीत."

खंगारसिंहांनी जोगसिंहाला विचारलं, "चूल विझवली होतीस?"

"विझवली."

"हळदही थांबवली?"

"थांबवली, काकोसा."

म्हातारा पायरीवर जोगसिंहाशेजारी बसला. "वेडा आहेस," खंगारसिंह म्हणाले. "पोरीचं लग्न मोडलं असतं ना, माझ्यापायी." आवाज रागाचा काढला होता, पण बसला नीट नाही.

जोगसिंहानं साफ्याचं टोक पुढे करून हात जोडले. "उद्या तुम्ही या. आणि सप्तपदी होईपर्यंत, तेवढी कृपा करा, तब्येत सांभाळा."

एवढ्यावर कोण विसंबणार? सोढीजीनं संध्याकाळपासून म्हाताऱ्याच्या ओसरीवर दोन माणसं बसवली. लापशी आली, बदामाचं दूध आलं. खंगारसिंह खोकले तरी गल्ली श्वास रोखायची. हे ध्यानात आल्यावर ते जरा जास्तच खोकायला लागले. तिसऱ्या खोकल्याला भटियाणीजीनं दूध काढून घेतलं, तेव्हा कुठे तब्येत सुधारली.

दुसऱ्या दिवशी दाढी पुरती काळी करून, केशरी साफा बांधून ते मांडवात आले. उगमनं वाकून पाय धरले. काल कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरून आले. बैठक भरली, अमल फिरायला लागलं. जोगसिंहाची ओंजळ सरळ त्यांच्यापुढे आली. सगळे बघत होते. खंगारसिंहांनी ती ओंजळ अलगद व्याह्यांकडे वळवली. "आधी पाव्हणे. आमचं आम्ही बघू."

मग सप्तपदी झाली. सोढीजीनं इतक्या मोठ्यानं श्वास सोडला, की भटजी दचकले.

मुलाकडचा एक जाडजूड काका मघापासून या रुबाबदार म्हाताऱ्याकडे बघत होता. साखरपुड्याला तर हे दिसले नव्हते. तो वाकून म्हणाला, "ठाकूरसा, ओळख नाही झाली. आपण नवरीचे कोण?"

खंगारसिंहांनी दाढीवरून हात फिरवला. "परवापर्यंत कुणीच नव्हतो. काल दुपारी मेलो, तेव्हापासून आजोबा आहे."