निळ्या ड्रमातली बोळवण

माझ्या माहेरी, धुळ्याच्या देवपुरात, लग्न झालेल्या लेकीला कानबाईचे रोट खाता येत नाहीत. कानबाई ही आमची श्रावणातली खानदेशी देवी, आणि रोट हा तिचा प्रसाद. गहू निवडायला मी, दळण आणायला मी, चुलीपुढे घाम गाळायलाही मी, आणि ताटात वाढायची वेळ आली की मी परक्या घरची! दरवर्षी यावरून भांडायचं ठरवूनच मी भुसावळहून निघते. दरवर्षी आई तिच्या अहिराणीत म्हणते, "देवीना नियम शे, मना नई," म्हणजे नियम देवीचा, माझा नाही. आणि माझ्यासाठी वेगळी पुरणपोळी लाटते.

नियमाचा दुसरा भाग मात्र मला आवडतो. रोटांसाठी गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायचे, मग तो घरी असो की नसो. माझा धाकटा भाऊ फौजेत गेल्यापासून एकदाही श्रावणात घरी आलेला नाही, पण त्याची सव्वा मूठ कधी चुकली नाही. ती भरताना आईच्या मुठीत का कोण जाणे, जास्तच गहू मावतात.

त्याच्या वाटणीचे रोट मग आईवडिलांनाच संपवावे लागतात. ते घरातल्याच माणसांनी, पुनवेच्या आत खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. "पोऱ्या सीमा सांभाळस, मी त्याना रोट सांभाळस," असं म्हणत आबा, म्हणजे आमचे वडील, शिळा रोट दुधात कुस्करतात.

मला भावाची आठवण येते, हे सरळच सांगते. फोनवरचा भाऊ नव्हे. तो "हाव", "बरं शे", "जेवनू" यापलीकडे जातच नाही. मला तो हवा असतो, जो कानबाईपुढे बायकांत घुसून फुगडी खेळायचा आणि मला गरगरवून खाली बसवायचा. मागे एका वर्षी तो येणारही होता. सुट्टी मंजूर झाली होती, आईनं पुढच्या खोलीला रंग दिला होता. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याचा फोन आला. "माय, सुट्टी रद्द व्हयनी. बंदोबस्त शे."

बंदोबस्त हा शब्द आईनं कानाआड केला. तिच्या डोळ्यांपुढे बर्फ, काटेरी तार आणि तारेपलीकडे शत्रू, असंच कायम होतं. आबांनी चहाच्या टपरीवर बसून त्यात आणखी तोफा घातल्या होत्या.

रविवारी कानबाई बसली. त्याच संध्याकाळी नदीपलीकडे दोन जमावांत दगडफेक झाली, दुकानं जळाली आणि संचारबंदी लागली. इंटरनेट बंद झालं. पोलीस पुरे पडेनात म्हणून लष्कर बोलावलं. सोमवारी सकाळी दार किलकिलं करून पाहिलं, तर गल्लीच्या तोंडाशी जवान बंदुका घेऊन उभे. आधी मला हायसं वाटलं. मग मी दार लोटून कडी घातली.

पण सोमवार म्हणजे कानबाईच्या बोळवणीचा दिवस. देवीला डोक्यावर घेऊन पांझरा नदीवर जायचं, आरती करायची, पाण्यात निरोप द्यायचा. ती एका रात्रीची पाहुणी. तिला अडकवून ठेवलं तर घराला बरं नाही, असं आई मानते. आणि त्या वर्षी तर तिला तसूभरही चुकू द्यायचं नव्हतं, कारण पोरगा घरी येऊ दे असं साकडं तिनं रात्रीच घातलं होतं.

आबा म्हणाले, "बाहेर फौज शे."

"फौज आपलीच शे," आई म्हणाली. "आनि कानबाई डोकावर ऱ्हायनी ते बाईले कोन आडावस?"

आमच्याकडे हे खरंच आहे. कानबाई निघाली की ट्रकवाले थांबतात, पोलीस तोंडातली शिट्टी काढून हात जोडतात. त्या भरवशावर आम्ही दोघी बाहेर पडलो. ढोल नाही, ताशा नाही. पुढे आई, मागे आरतीचं ताट घेऊन मी.

एका जवानानं हात आडवा केला. कोवळं पोर होतं, भावाच्याच वयाचं. त्याच्या मुलखात कुठली आली कानबाई? त्याला दिसली एक म्हातारी आणि तिच्या डोक्यावर साडीचोळी, नथ ल्यालेला नारळ.

"इसमें क्या है? कपडा हटाइए."

आई भडकली. देवीच्या लुगड्याला हात? तिनं ठेवणीतली हिंदी बाहेर काढली. "मेरा लडका भी फौज में शे! तेरे जैसाच!"

त्याचा चेहरा निवळला. "कहाँ है, माँजी?"

भावाची नेमणूक होती त्या गावाचं नाव मी सांगितलं. ते ईशान्येकडचं नाव आईला अजून उच्चारता येत नाही. तो चटकन म्हणाला, "मैं वहीं से आया हूँ. वहाँ भी यही ड्यूटी है. गली-गली." आणि हनुवटीनं त्यानं आमच्याच गल्लीतली बंद दारं दाखवली.

आई त्या दारांकडे बघत राहिली. जणू तिनं ती कधी पाहिलीच नव्हती. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "वापस जाइए, माँजी. छोड दिया तो साहब के सामने मेरी पेशी हो जाएगी." आई वळली.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मागच्या अंगणात निळा ड्रम भरलेला असतो. त्यात कानबाईची बोळवण केली. आई अर्ध्या आवाजात आरती म्हणाली. मला रडू आलं, तेही संतापानं. आई रडली नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. घरी कधी येणार, हा आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कव्हय येशी?" त्या दिवशी तिनं तो विचारलाच नाही.

"तू बी तठे असाच गल्लीमा उभा ऱ्हास का रे?"

स्पीकर चालू होता. आम्ही तिघंही त्या फोनकडे बघत होतो.

"हाव, माय."

"बायास्ले पानीले जाऊ देस ना?"

"ऑर्डर ऱ्हायनी ते देस."

"आनि नई ऱ्हायनी ते?"

"माय, नेटवर्क नई शे," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. आवाज तर खणखणीत येत होता. आबांनी पुढ्यातला रोट तसाच झाकून ठेवला.

फौज आठवडाभर राहिली. या जवानांनी एका बाळंतिणीला आपल्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं. त्यांनीच भाजी आणायला निघालेल्या शेजारच्या नानांना भर चौकात उठाबशा काढायला लावल्या. केस पिकलेला माणूस, दोन्ही कान धरून उठतोय, बसतोय. बाळंतीण विसरून गल्लीनं उठाबशा तेवढ्या लक्षात ठेवल्या, आणि मलाही त्याच आठवतात. नाना पुढे कित्येक दिवस ओट्यावर बसले नाहीत.

मग एका दुपारी ट्रक निघाले. धडाधड दारं उघडली, बायका बाहेर आल्या. "गयात एकदाना!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती आई.

"जावोत बापा आपापला घर," ती हात जोडून म्हणाली, "सुखी ऱ्हावोत. पन आठे नको."

बोलता बोलता ती थांबली. शेजारणी अजून हसत होत्या. ती ओट्यावर टेकली, मला जवळ बोलावलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"तठल्या बाया बी देवले हाईच मांगत व्हतीन. का ह्या पोऱ्या आपला घर जावोत." जरा वेळ तिनं पदर तोंडाशी धरला. "मनं एकलीनं कानबाई आयकत नई. त्यासनं तरी आयको."