ओर्नेरोची किल्ली

मिल्टन बेंतांकुर पायसांदूच्या एका संत्र्यांच्या गोदामात संगणक सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात अर्ध्या जगाचे सांभाळायचा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. त्याने तरुणपणी ‘ओर्नेरो’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. मातीचं घरटं बांधणाऱ्या आमच्याकडच्या पक्ष्याचं ते नाव. क्लाउडमधलं एखादं यंत्र कोसळलं की दुसऱ्याला त्याच्या जागी उभं करायचं, एवढंच त्याचं काम. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही घ्यावा, उघडून बघावा, वापरावा. बँका वापरतात, विमानतळ वापरतात, आणि साल्तोतल्या ज्या इस्पितळाचे संगणक मी बघते, तेही वापरतं.

नव्या आवृत्तीवर शिक्का मारायची गुप्त किल्ली मात्र एकट्या मिल्टनकडे असे. त्याचा शिक्का दिसला की आमची यंत्रं कुणालाही न विचारता नवी आवृत्ती घेत. ‘आम्हाला बघावंसुद्धा लागत नाही,’ असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

मॉन्टेव्हिडिओत भरणाऱ्या संगणकवाल्यांच्या संमेलनाला आम्ही दरवर्षी एकाच बसने जात असू. या वर्षी तो बसमध्ये चढला तेव्हा काखेतला थर्मास तेवढा नेहमीचा होता. माणूस पार वाळून गेला होता.

“इर्मा, या खेपेला किल्ली देऊन टाकतोय,” तो म्हणाला.

“कुणाला?”

“ब्राउलियोला. ताकुआरेम्बोचं पोर आहे. तिथेच जन्मला, तिथेच राहतो. आपल्याच मातीतला आहे गं!”

हा ब्राउलियो सोसा दोन वर्षं इंटरनेटवरून ओर्नेरोच्या दुरुस्त्या पाठवत होता. नीटनेटक्या, वेळेवर. त्याला प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं. त्याच सुमारास कुठली कुठली अनोळखी माणसं मिल्टनला बोल लावू लागली होती: म्हाताऱ्या, झेपत नसेल तर दुसऱ्याला दे. हे दोन्ही एकाच वेळी कसं सुरू झालं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

संमेलनात सकाळी एका बाईंनी क्लाउडच्या जगात वारं कुठे वाहतंय ते सांगितलं. मोठ्या कंपन्या कालपर्यंत उघडी ठेवलेली दारं एकेक करून लावून घेताहेत. जे उघडं उरलंय, ते एकेकट्या, थकलेल्या माणसांच्या खांद्यावर आहे. “आणि अशी माणसं हेरून त्यांच्याशी गोड बोलणारेही वाढलेत,” बाई म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिल्टन माझ्या शेजारी पेंगत होता.

दुपारी अंगणात येर्बा प्यायला आम्ही गोल करून बसलो. कडू पाल्याच्या काढ्याने भरलेला एकच कोरलेला भोपळा, एकच नळी, तीच आळीपाळीने सगळ्यांच्या हाती, आणि ओतणारा अर्थातच मिल्टन. ब्राउलियो आला. हसरा, इस्त्रीचा सदरा. मिल्टनने त्याला पोटाशी धरलं. ब्राउलियोने भोपळा रिकामा केला आणि परत देताना म्हणाला, “आभारी आहे, मिल्टनसाहेब.”

आमच्याकडे भोपळा परत देताना आभार मानले म्हणजे तुमचं पुरे झालं. पुढच्या फेरीत मिल्टनने त्याला सरळ वगळलं. ब्राउलियोचा चेहरा पडला. “माझं राहिलं का?” सगळे खदखदून हसले. मिल्टनने त्याला पुन्हा भरून दिलं. त्याने ते पिऊन पुन्हा आभार मानले, आणि पुढच्या फेरीला पुन्हा हात पुढे केला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. ताकुआरेम्बोतलं पोर बोबडं बोलतं तेव्हापासून हे शिकतं. मी मिल्टनला बाजूला ओढलं.

“हा आपल्याकडचा नाही.”

“लाजला असेल गं.”

“लाजलेला माणूस हात मागे घेतो. मिल्टन, एक आठवडा थांब. ताकुआरेम्बोत कुणाला तरी विचारू.”

तो भडकला. “थांबू? माझं काळीज फाडून शिवलं तेव्हा मी खाटेवरून दुरुस्त्या तपासत होतो. कुणी विचारलं, मिल्टन, जिवंत आहेस का? त्याने विचारलं! तुझ्या इस्पितळाने काय पाठवलं? तक्रार!”

दुरुस्तीला उशीर झाल्याची ती तक्रार मीच लिहिली होती. मी त्याचा दंड सोडला.

चार वाजता मिल्टनने व्यासपीठावर बोटभर पेनड्राइव्ह ब्राउलियोच्या हातात ठेवला. किल्ली त्यातच होती. सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. मी बसून राहिले. मला भीती वाटत होती, आणि मिल्टनच्या डोळ्यांतला सुटकेचा आनंद बघून रडूही येत होतं.

आम्ही पुन्हा अंगणात येऊन बसलो. ब्राउलियो बस पकडायला म्हणून निघून गेला होता. मिल्टन भोपळा भरत होता, तोच इस्पितळातून माझ्या सहकाऱ्याचा, नेल्सनचा, फोन आला.

“इर्मा, ओर्नेरोची नवी आवृत्ती आली. सगळ्या यंत्रांनी घेतलीसुद्धा.”

मी मिल्टनकडे बघितलं. “तू काही पाठवलंस?”

“मी? नाही.”

“नेल्सन, जुनी आवृत्ती परत बसव! आत्ताच्या आत्ता!”

“का गं? शिक्का तर मिल्टनचाच आहे.” मग पलीकडून नुसता कळफलकाचा खडखडाट. “इर्मा... यंत्रं मला आत घेईनात. अतिदक्षता विभागातल्या संगणकांचे पडदे काळे झालेत.”

मिल्टनने सगळं ऐकलं होतं. भोपळा केव्हाच भरला होता. गरम पाणी त्याच्या बोटांवरून वाहत होतं, तरी तो ओततच राहिला.