सटवीचा पेन

"त्या सटवीला आत येऊ देऊ नका. सोताचे दोन खाल्ले, आता माझ्या लेकरावर नजर लावायलीय."

हे माझ्या मोठ्या जावेचे शब्द. तिच्या लेकीच्या पाचवीला, दिवेलागणीच्या वेळी, बायांनी भरलेल्या खोलीतून ते बाहेर आले आणि दाराशी उभ्या असलेल्या मी ते ऐकले. मी सेलूच्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या वालूरची एसटी धरून धावतपळत घरी आले होते. हातात स्वतः शिवलेली कुंची होती. 'दोन खाल्ले' म्हणजे माझी दोन लेकरं, जी पोटातच गेली. कुणीतरी आतून कडी घातली, आणि कुंची माझ्या हातातच राहिली.

काळ गेला की राग निवळतो म्हणे. माझा निवळला नाही. मी निवळू दिलाच नाही.

आमच्याकडे पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करतात. त्या रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं मानतात. तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवतात. बाळाच्या उशाखाली विळा ठेवतात, वाईट काही फिरकू नये म्हणून. पूजा आटोपून बाया अंगणात जेवायला बसल्या, जाऊ मोरीत गेली, आणि मी खोलीत शिरले. बाळाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. नजर गेली ती थेट पेनवर. लाल शाईचा, टोपण चावून चावून पांढरं पडलेलं. अगं बाई, हा तर माझा पेन! पेपर तपासायचा! घरात पेन लागला की सासूबाई बिनदिक्कत माझ्या पर्समध्ये हात घालत, तसा त्या दिवशीही घातला असणार. म्हणजे माझा पेन चालत होता, मी चालत नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली. पेन उचलला, पदराखाली धरला आणि माझ्या खोलीत निघून आले.

सकाळी घरात ही रडारड. कागद तर दर पाचवीला कोराच राहतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण पेनच जागेवर नाही म्हटल्यावर सगळ्यांचं धाबं दणाणलं. "सटवीनं पेन नेला वो माय! लेकराचं कपाळ कोरं ऱ्हायलं!" जाऊ छाती पिटत होती. मी ओसरीवर बसून सहामाहीचे पेपर तपासत होते, त्याच पेनने. सासूबाईंनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पुढे एकदा नववीच्या धड्यात एक 'फेअरी' आली. मी फळ्यावर 'परी' असा अर्थ लिहिला, तर एका मुलीने विचारलं, "म्हंजे साती आसरांवानी का, मॅडम? विहिरीतल्या?" वर्ग हसला. मला उत्तर देता आलं नाही, आणि मला उत्तर आलं नाही की झोप लागत नाही. मग जाता-येता एसटीत मोबाइलवर वाचत सुटले, परभणीहून पुस्तकंही मागवली.

आणि काय सापडावं! रोमन लोकांत नशीब ठरवणाऱ्या तीन बाया होत्या. एक आयुष्याचा धागा कातायची, दुसरी मापायची, तिसरी कापायची. 'बोललं गेलेलं', म्हणजे जे आता टळणार नाही, असा अर्थ असलेल्या शब्दावरून त्यांना नाव पडलं. तेच नाव झिजत झिजत फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत गेलं आणि 'फेअरी' झालं. म्हणजे मुळात ती कोण? आपली सटवाई! तिकडच्या खेड्यांतही त्या तिघींसाठी घरात ताटं मांडत, सुऱ्या ठेवत, आणि पाद्री त्यावरून बायांना झापत. बाल्कन देशांत त्या बाळाच्या तिसऱ्या रात्री येतात, आपल्याकडे पाचव्या. पाळण्यात लोखंडी कात्री ठेवायची, आपल्या विळ्यासारखी. नाव घ्यायलाही लोक भीत, 'चांगले शेजारी' म्हणत. आपणही रात्री सापाला लांबडं म्हणतो, तशातलं.

मग त्यांचं काय झालं, ते वाचून माझा संताप संताप झाला. धर्म बदलला तशा त्या सैतानाच्या सोबतिणी ठरल्या. पुढे चित्रं काढणाऱ्यांनी आणि नाटकवाल्यांनी त्यांना बोटभर केलं, पाठीला पंख डकवले, हातात चमचमती काडी दिली. जिच्या शब्दापुढे राजेही चळचळा कापत, ती आता वाढदिवसाच्या केकवर उभी असते. आणि आपण? आपण सटवाईची शिवी केली. एकाच बाईची पाचवीला पूजा करायची आणि सहाव्या दिवशी नळावर भांडताना तिचंच नाव दुसरीच्या तोंडावर फेकायचं.

तिकडे एक गोष्ट घरोघरी सांगतात. बारशाला सगळ्या फेअरींना बोलावतात, एका म्हातारीला तेवढं बोलावत नाहीत. ती न बोलावता येते आणि बाळाला शाप देते. ती दुष्ट, असं पोरांना शिकवतात. तिला का बोलावलं नव्हतं, हे कुणी विचारत नाही. मी वर्गात तेवढंच विचारलं आणि धडा तिथेच संपवला.

इकडे पुतणी मोठी होत होती. तिला ताप आला तरी कपाळ कोरं, गणितात नापास झाली तरी कपाळ कोरं. जावेने तिच्या गळ्यात ताईत बांधले, दर्ग्यात नेलं, आणि सटवीने पेन नेल्याचं गावभर सांगत सुटली. माझ्याबद्दल बोलायचं तिने सोडलं नव्हतंच. पोर मात्र माझ्या खोलीत येऊन बसायची, तिकडच्या गोष्टी ऐकायची. मला ती आवडत होती. पण ती माझ्याकडे आली की जावेच्या नाकाला मिरच्या झोंबतात, हे मला जास्त आवडत होतं. खोटं कशाला बोलू?

बारावी झाल्या झाल्या जावेने तिच्यासाठी मानवतचं आडतवाल्यांचं स्थळ धरलं. पोरीला परभणीला नर्सिंगला जायचं होतं. रडून रडून तिचे डोळे सुजले. "काकू, काय करू वो मी? आई ऐकायलीच न्हाई."

"आई गावाला जे सांगत फिरते, तेच पाहुण्यांना सांग," मी म्हटलं. "एक शब्द जास्त नको."

पाहुणे आले. बैठकीत पोहे फिरले. मुलाची आजी कौतुकाने म्हणाली, "पत्रिका लय चांगली जुळायलीय." पुतणीने मान वर केली. "पत्रिका जुळंल आजी, पण माझं कपाळ कोरं हाय. पाचवीला सटवीनं पेन नेला. आईलाच इचारा." आजीचा चमचा बशीतच राहिला. जाऊ "तसं न्हाई, तसं न्हाई" करू लागली; पण शेजारणी बसलेल्या, नाही तरी कसं म्हणणार? पाहुणे कळवतो म्हणाले. अजून कळवायचेत.

पुतणीसाठी केलं असं म्हटलं तर छान दिसेल. मी ते जावेसाठी केलं. पुतणी परभणीला गेली, हा माझा वरचा नफा.

पाहुणे गेल्यावर जाऊ सासूबाईंपुढे कपाळ बडवून घेत होती. "कुठला मेला तो पेन! कुणाचा हुता?" सासूबाई दळण निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "धाकटीच्या पर्समधला हुता."

पुतणी वसतिगृहावर गेली त्याच दुपारी जाऊ माझ्या दाराशी आली. "आत येऊ का?"

"तिथूनच बोला, आक्का."

"तूच नेलास ना?"

मी टेबलावरचा, रिफिल बदलत टिकवलेला तोच पेन उचलून दाखवला. तिने दोन्ही हात पुढे केले. "दे मला. परत पूजा मांडते. लिहू दे तिला. पोरगी एकटी गेलीय गं परभणीला, कपाळावर कायतरी असू दे तिच्या. पाया पडते तुझ्या." ती खरंच वाकली. या दिवसाची मी पोरीच्या पाचवीपासून वाट पाहत होते, आणि तो मला गोडच लागला.

"सटवीला आत येऊ देऊ नका, हे तुमीच म्हणला हुतात," मी म्हटलं. "आता कुण्या तोंडानं बोलवायलात तिला?"

मी दार लोटलं आणि आतून कडी घातली. ती गेली नाही. बराच वेळ उंबऱ्यापलीकडे तिच्या बांगड्या वाजत होत्या, आणि मी पेपर तपासत होते.