न वाळणारा घाम

पुण्यात मी गरम खोलीतला योग शिकले. तिथे हीटर लावून खोली तापवायचे. लग्नानंतर सोनपेठला आले, पत्र्याच्या एका खोलीत बायकांचा वर्ग सुरू केला, आणि हीटरची गरजच पडली नाही. एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच पत्रा तापायचा. पण हवा कोरडी. घाम आला की वाळून जायचा, अंग हलकं व्हायचं.

वर्गात पन्नाशीच्या एक अंगणवाडीताई होत्या. कंबरदुखीसाठी आलेल्या. उन्हाळाभर त्यांनी एक दिवस चुकवला नाही. वाकून पायाचे अंगठे धरता आले, त्या दिवशी घरी नवऱ्यालाही करून दाखवलं म्हणे.

ऑगस्टमध्ये पावसानं उघडीप दिली आणि उमस सुरू झाली. भिंतीवरचा तापमापक एप्रिलपेक्षा कमी दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त होते. खिडक्या लावून घेतल्या. आसनं तीच, वेळही तेवढाच.

ताई मध्येच थांबल्या. "मॅडम, घाम लय यायलाय, पण वाळंना."

"थोडं सोसा, अंग मोकळं होईल," मी म्हणाले.

उष्ट्रासनातून उठताना त्यांचा तोल गेला आणि त्या चटईवर आडव्या झाल्या. शुद्ध होती, पण बोलता येईना. आम्ही त्यांना ओसरीवर आणलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं, मग दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "हवेतच ओल भरलेली असली की घाम सुकत नाही. अंगातली उष्णता आतच राहते."

हे मला माहीत होतं. पुण्यात योगाच्या परीक्षेत लिहिलंही होतं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. माफी मागायच्या आतच त्या म्हणाल्या, "चूक माझी हाय. सकाळी काही खाल्लं न्हवतं."

"तुम्ही सांगितलं होतंत, ताई. मी ऐकलं नाही."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. जरा वेळानं हळूच विचारलं, "आता वर्ग बंद करायलाव का? बाया मला बोल लावतील."

मी नाही म्हणाले. हवेतला दमटपणा दाखवणारं यंत्र आणलं. दमट दिवसांत दारं-खिडक्या उघड्या आणि आसनं निम्मी, असं ठरवलं. "खरा व्यायाम राहिला नाही," म्हणत दोघीजणी सोडून गेल्या.

ताई तिसऱ्या आठवड्यात आल्या. त्या दिवशी त्यांनी नुसता श्वासाचा अभ्यास केला. मीही त्यांच्या शेजारी बसून तेवढंच केलं.